वातावरणात ओव्याचा मंद वास

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप डोमाजी मामांना हर्षाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सहा सध्या गोधडीत आहेत. बाहेर उरलेला उजवा हात आणि वाहतं नाक एवढ्यांनीच नमस्कार केला आहे, तो पूर्ण समजून घ्यावा.)

तुमची तब्येत बरी असेल, मामींचा गुडघा या थंडीतही जिना चढू देत असेल, आणि गिरणी बंद झाली तरी भोंग्याच्या वेळेला तुम्हाला जाग येते ती अजून येत असेल, असं धरून चालते. तीन दिवस तुमचा मोबाईल लावून पाहिला. पण बॅटरी संपू नये म्हणून मामी तो बंद करून कपाटात ठेवतात, हे आठवलं आणि पत्राला बसले. यापुढे 'इकडील सर्व कुशल' असं लिहायची आपल्यात रीत आहे. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्यावर काही जबाबदारी आहे, आणि खरं सांगायचं तर इकडे कोणीच कुशल नाही. काल वसंत पंचमी होती. वसंताच्या स्वागताला आमच्या गल्लीत लोकांनी टायर जाळलं.

दिवाळीत तुम्ही भाऊबीजेला आलात तेव्हा तुळशीपलीकडे चार पायांवर उभी असलेली पांढरी, झडपांची पेटी पाहून मधमाश्या पाळल्या का, असं विचारलं होतं. मी घाईत होते, म्हणून नुसतं 'विज्ञान आहे' म्हणाले. आता सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी लाज त्या पेटीतूनच निघाली आहे. तिच्यात एक तापमापक आहे. रात्रीतून पारा जिथपर्यंत खाली जातो तिथे आतली एक बारीक काडी अडकून राहते. संध्याकाळी काडी पाऱ्याला लावून ठेवायची, सकाळी पावणेसातला वाचायची, वहीत तारीख, आकडा आणि 'विशेष नोंद' लिहायची, एवढंच काम. कॉलेजातल्या आमच्या सरांनी जिल्ह्यात अशा सहा पेट्या सहा जुन्या विद्यार्थ्यांना दिल्या. वर्तमानपत्रं म्हणतात तसे हिवाळे खरंच उबदार होत चालले आहेत का, ते वर्षानुवर्षं मोजत जायचं, आणि पहिल्या हिवाळ्यात ज्याची वही सगळ्यात लक्षणीय निघेल त्याने वर्ध्याच्या परिषदेत निबंध वाचायचा. माझं सगळं त्या निबंधावर टांगलेलं होतं, कारण बाबांनी तेव्हाच फैसला सुनावला होता: "वर्ध्याच्या शिकल्यासवरल्या लोकायनं तुहं आयकलं, त एमेस्सीले नागपूर. नाई आयकलं, त हिंगणघाट." (हिंगणघाटला मोटारपंपांचं एक दुकान आहे आणि त्या दुकानाला एक अविवाहित मुलगा आहे. मुलगा वाईट नाही. पाहायला आला तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला, तो असा, की इतकं शिकून कंटाळा नाही आला का.)

डिसेंबरात मी शाळेत पालकांपुढे भाषण केलं. (तिथे मी तासिकेवर विज्ञान शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. तासिकेवर म्हणजे शिक्षक म्हणतात पण खुर्ची देत नाहीत.) पृथ्वीभोवती धुराची आणि वायूंची एक गोधडी जमते आहे आणि तिच्यामुळे पृथ्वी तापते आहे, असं फळ्यावर पृथ्वी काढून आणि तिच्यावर ठिगळांची गोधडी काढून मी सांगितलं. चित्र चांगलं आलं होतं. पुढच्या बाकावर लहानूजी बसले होते. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि सिंदीत पाऊस येणार की नाही हे रेडिओला न विचारता त्यांना विचारतात. त्यांनी विचारलं, गोधडी टाकली कोणी. मी म्हणाले, आपण सगळ्यांनी. त्यांनी सभेला साक्षी ठेवून सांगितलं की त्यांनी टाकलेली नाही. मग मोतीलालजी उभे राहिले. (हे किराणावाले. रोज पेपर वाचतात, म्हणून जास्त अवघड.) समुद्राचं पाणी वाढणार म्हणतात ते खरं का, असं त्यांनी विचारलं. मी खरं म्हणताच लहानूजींचा चेहरा उजळला, कारण समुद्र सिंदीपर्यंत आला तर मासोळी स्वस्त होईल. भाषण संपताना एकूण मत असं पडलं की ही तापमानवाढ कुलरवाल्यांनी उठवलेली आहे.

पण मी खचले नाही. लोक भाषणावर विश्वास ठेवत नसतील तर आकड्यावर ठेवतील, असं मला वाटलं. मोतीलालजींच्या दुकानाबाहेर तेलाचा भाव लिहायचा फळा आहे, त्याचा खालचा कोपरा मी मागून घेतला आणि रोज सकाळी 'काल रात्रीचं किमान तापमान' लिहायला लागले. आणि आकडे माझ्या बाजूने होते. नोव्हेंबरात पहिले काही दिवस बारा, अकरा असे येत होते आणि मी हिरमुसले होते. मग आकडा एकाएकी सोळावर चढला आणि तिथेच राहिला. संक्रांतीला सतरा. इतर पाच पेट्या नऊ-दहा दाखवत असताना सिंदीची पेटी रोज सात अंशांनी गरम. सरांनी लिहिलं की एक तर उपकरणात दोष आहे, नाहीतर सिंदीत फार मोठं काही घडतं आहे, आणि उपकरण मी स्वतः तपासून दिलं आहे. चोवीस फेब्रुवारीला निबंध तूच वाच, असंही लिहिलं. ते पत्र मी तीनदा वाचलं, आणि बाबांना दोनदा वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, बरं.

वहीतला 'विशेष नोंद' हा रकानाही मी अत्यंत प्रामाणिकपणे भरत होते, हे इथे सांगणं भाग आहे. एकवीस नोव्हेंबर: पेटीचा तळ हाताला कोमट. तीन डिसेंबर: वातावरणात ओव्याचा मंद वास. अकरा डिसेंबर: वास पुन्हा, वारा नसताना अधिक. महिन्याची नक्कल सरांना पाठवली, तिच्यात ओव्याच्या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं होतं. म्हणून आसपासच्या शिवारात कोणी ओवा पेरला आहे का, याचा मी सायकलवरून तपासही केला. कोणी पेरला नव्हता. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं, पण मामा, मी वातावरणाकडे पाहत होते, घराकडे पाहत नव्हते.

मग गेल्या मंगळवारी ती थंडी आली. तुमच्याकडे पुलगावलाही आलीच असेल, पण आमच्यासारखी नसेल. (असं सध्या प्रत्येक गावाचं म्हणणं आहे.) नळाचं पाणी बोटाला चावत होतं. खोबरेल तेलाची बाटली चुलीशी नेऊन शेकवावी लागत होती. बुधवारी सकाळी लहानूजींच्या वावरात गवतावर मीठ पेरल्यासारखं पांढरं दिसलं, हरभऱ्याचे शेंडे काळे पडले, आणि बैलांच्या दगडी डोणीत पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा होता. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा, असं ते स्वतः म्हणाले. त्यांनी तो पापुद्रा पितळेच्या ताटात घेतला, वर पंचा झाकला आणि प्रसाद आणावा तसा मोतीलालजींच्या दुकानापाशी आणला. तिथे शेकोटीभोवती पंचवीस माणसं होती. आणि फळ्यावर, सोयाबीन तेलाच्या भावाखाली, माझ्या अक्षरात आकडा होता: एकोणीस.

मला घरून बोलावून नेलं. मी पोचेपर्यंत ताटात पाणी होतं. लहानूजींनी ताट माझ्यापुढे धरलं आणि फार शांतपणे विचारलं, "बोर्डावर एकोणीस हाय. त मंग हे कुडकुडनं कोनाचं होय, बाई?" यावर मी काय बोलले ते सांगायलाही लाज वाटते, पण पूर्ण सांगायचं ठरवलं आहे. मी म्हणाले, ताटातला बर्फ विरघळला ना, म्हणजे हवा गरमच आहे. मग मोतीलालजींनी खडू घेऊन माझ्या आकड्यापुढे 'जुना स्टॉक' असं लिहिलं.

त्या दिवसापासून मी एक तत्त्व पाळलं. माणसाचं शरीर हे फसवं साधन आहे, पारा खरा, असं मुलांना मी स्वतः शिकवलं होतं. एकोणीस अंशांत स्वेटर घालायचं काही कारण नाही, म्हणून मी स्वेटर काढून ठेवलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस शाळेत सुती ड्रेसवर गेले. फळ्यावर मी कुडकुडत काढलेलं वर्तुळ मुलांनी गांधीलमाशी म्हणून वहीत उतरवलं. वर्गातल्या मुलींनी आपसात ठरवून मला एक शाल देऊ केली, ती मी विज्ञानाच्या कारणास्तव नाकारली. आई दारात उभी राहून रोज म्हणायची, घालून जा वो माय, घालून जा, आणि मी तिला म्हणायचे, तुला आकड्यातलं कळत नाही. (हे वाक्य तुम्ही विसरलात तर बरं. मला विसरता येणार नाही.)

शनिवारी सकाळी मला ताप होता. आंघोळीला उठले नाही, खिडकीशी पडून राहिले. आणि साडेसहाच्या सुमाराला आई अंगणात पेटीपाशी गेलेली दिसली. मामा, माझ्या तापमापकाच्या अंगावर शाल होती. तुम्ही भाऊबीजेला दिलेली, ती निळ्या काठाची, शुद्ध लोकरीची, नागपूरहून आणलेली. चारी बाजूंनी गुंडाळून वर सुतळीने बांधलेली. पेटीच्या चार पायांमध्ये मातीची शेगडी होती, फुललेल्या निखाऱ्यांची, अगदी बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी. आईने मुठीतून काहीतरी निखाऱ्यांवर टाकलं आणि धूर निघाला. ओवा. मग तिने सुतळी सोडली, शाल काढली, पेटीला हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाली, "झाली वो बाई रात. आता लेक येईन मोजाले." तिच्या स्वतःच्या अंगावर जुनं लुगडं होतं आणि डोक्यावरून घेतलेला त्याचाच पदर. ती थरथरत होती.

मी तशीच अनवाणी बाहेर गेले. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. आई मुळीच दचकली नाही. तिच्या हिशोबाने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. ती रोज करते त्या पन्नास कामांतलं ते एक होतं. थंडी पडली की ती देव्हाऱ्यातल्या गणपतीला लोकरीची टोपी घालते, वासराला पोतं बांधते, आणि कॉलेजातून आलेली ही पाहुणी काय उघड्यावर ठेवायची? नोव्हेंबरात एक दिवस मी तोंड पाडून घरात आले होते, तिने काय झालं विचारलं, तर मी म्हणाले होते की पारा फार खाली गेला. "तू उदास झाली, मंग म्या शेगडी ठेवली," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू हासत आली. मंग म्या रोज ठेवली." संध्याकाळी मी काडी लावून आत वळले की ती शाल घाली. पहाटे दूध काढायला उठली की निखारे पुन्हा भरी. माझं आंघोळीचं पाणी ओतून झालं की शाल काढी आणि निखारे उचलून चुलीत टाकी. आणि त्या आठवड्यात थंडी जास्त म्हणून तिने निखारे दुप्पट केले होते, आणि थंडी जास्त म्हणून मी आंघोळ दोन मिनिटांत उरकून, पेटी निवायच्या आत, वही घेऊन धावत होते. म्हणजे जितकी थंडी मोठी, तितका माझा आकडा मोठा. शंभर वर्षांतली सगळ्यात गार रात्र आली असती तर मी फळ्यावर पंचवीस लिहिलं असतं आणि त्यावर निबंध वाचला असता.

गडबड ऐकून बाबा बाहेर आले. शेगडी पाहिली, शाल पाहिली, आम्हा दोघींकडे पाहिलं. त्यांना सगळं लक्षात यायला माझ्यापेक्षा तीन महिने कमी लागले. म्हणाले, "पृथ्वी नाई गरम होऊन राह्यली, पोरी. तुही माय गरम करून राह्यली."

हे वाक्य दुपारपर्यंत सिंदीत सगळीकडे होतं. काल रेल्वे फाटकावर मला अनोळखी माणसाने आईची तब्येत विचारली. मोतीलालजींनी फळ्याचा कोपरा परत घेऊन तिथे ओव्याचा भाव लिहिला. एकटे लहानूजी हसले नाहीत. शनिवारीच संध्याकाळी माझा ताप पाहायला म्हणून आले, ओसरीवर काठी टेकून बसले, आणि म्हणाले, "आता समजलं मले तुहं भाषण. पांघरून टाकनाराले मालूमच नसते, का त्याच्यानं गरम होऊन राह्यलं. त्याले वाटते, आपून चांगलंच करून राह्यलो." मग त्यांनी विचारलं की त्यांच्या डिझेल पंपाचा धूरही त्या गोधडीत जातो का. मी हो म्हणाले. मामा, तीन महिन्यांच्या आकड्यांनी जे झालं नाही ते आईच्या शेगडीने केलं. आता यावर मी हसू की रडू, हे मला पदवीत शिकवलेलं नाही.

काल पॅसेंजरने वर्ध्याला जाऊन सरांपुढे वही ठेवली आणि सगळं सांगितलं. सर पानं उलटत ओव्याच्या नोंदीपर्यंत आले, चष्मा काढला, आणि टेबलावर डोकं ठेवून इतके हसले की शिपाई पाणी घेऊन आला. मग म्हणाले की तीन महिन्यांचे आकडे फेकून दे, पण नोंदी ठेव. मोजणाऱ्याच्या घरच्या मायेने माप कसं बदलतं, ते कोणी लिहून ठेवत नाही. चोवीस तारखेला तेच वाच. मी विचारलं, लोक हसतील आणि म्हणतील की बघा, सगळंच खोटं होतं, त्याचं काय? सर म्हणाले, हसू दे, पण उत्तर तयार ठेव. ते उत्तर मी गाडीत तयार केलं, ते असं: एका आठवड्याच्या थंडीने काही सिद्ध होत नाही आणि एका आईच्या शालीनेही नाही. माझी वही चुकली म्हणून पृथ्वी थंड झाली, असं नाही. अजून वीस वर्षं, उघड्या पेटीने, मोजावं लागेल. मी मोजायला तयार आहे.

पण बाबा तयार नाहीत. आपल्या घरची शेगडी वर्ध्याच्या सभेत नेऊन दाखवायची नाही, असं त्यांनी सांगितलं आहे, आणि पुढे काही बोलायचं नाही म्हणून टोपी घालून बाहेर गेले आहेत.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना लाड, आणि मामींच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. थंडीत जपावं. स्वेटर घालावं, पारा काहीही म्हणो.

तुमची भाची,
हर्षा

ता. क. येताना एक शाल आणावी. तुमची जुनी शाल आई अंगावर घेत नाही. शालीला आता धुराचा आणि ओव्याचा वास येतो, आणि ती 'मशीनची' आहे, असं तिचं म्हणणं आहे. गडद रंगाची आणावी. ही नवी पेटीसाठी नाही, हे तिला तुमच्या तोंडून, माझ्यासमोर सांगावं.

ता. ता. क. 'येताना' असं वर लिहिलं, पण तुम्ही येणार असं तुम्हाला अजून मी सांगितलेलंच नाही. मामा, शनिवारच्या आत या. रविवारी सतराला हिंगणघाटचे लोक बोलणी पक्की करायला येत आहेत. बाबा जगात कोणाचं ऐकत असतील तर ते तुमचं, कारण त्यांच्या लग्नात तुम्ही त्यांच्याशी भांडला होता. चोवीसला मला वर्ध्याला जाऊ द्या, एवढंच त्यांना म्हणा. नागपूरचं मी पुढे पाहते. खरं म्हणजे हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. बाकीचं लिहिता लिहिता झालं. मी लिहिलं हे सांगू नका. सहज आलो म्हणा. (हातात शाल असताना ते कसं म्हणायचं, ते तुम्ही पाहा.)

ता. ता. ता. क. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून लिहिते. काल सकाळी उघड्या पेटीत काडी आठवर होती. आज तेराला. मी आधी आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती आणि रात्रभर माझ्याच गोधडीत होती, ते मला माहीत आहे. मग पेटीकडे नीट पाहिलं. खाली शेगडी होती, पण निखारे निम्मे विझलेले. (आई म्हणाली, पुरुषमाणसांना शेगडी भरणं जमत नाही.) आणि पेटीच्या गळ्याला बाबांचा मफलर होता, तो चॉकलेटी, जो दसऱ्यापासून होळीपर्यंत ते झोपेतही सोडत नाहीत. बाबा ओसरीवर उघड्या कानांनी पेपर वाचत बसले होते. वर न पाहता त्यांनी विचारलं, "किती आला आज?" तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

आकड्याच्या जागी मी वहीत रेघ मारली आहे. विशेष नोंद केली आहे. तरी तुम्ही याच.